उगीची चूल

त्या उन्हाळ्यात मी परसात चुली मांडत होते आणि मोडत होते, आणि गल्लीतल्या बायकांना वाटत होतं की या पोरीच्या डोक्यावर ऊन चढलंय. बारावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, आणि मधला तो रिकामा वेळ माझ्या अंगावर खाजकुयलीसारखा उठला होता. मला एका जागी बसवत नसे. निवडायला घेतलेले तांदूळ मी अर्धे टाकून उठायची, केस विंचरता विंचरता दारात जायची, आणि दारात गेलं की वारंगा फाट्यावरून येणारे ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे. ते सगळे कुठेतरी निघालेले असत आणि मी मात्र निकाल लागेपर्यंत त्याच ओट्याला बांधलेली. आई म्हणायची, "संगे, तुझ्या पायाला भिंगरी हाय, पर ती जागच्या जागीच फिरून राहिली." ते खरंच होतं.

आमचं घर फाट्यापासून पायी जाता येईल इतकं जवळ, बौद्धवाड्याच्या कडेला, विहाराच्या मागच्या बाजूला. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, फाट्यावर टायरच्या दुकानात कामाला होता. त्याच्या कपड्यांना रबराचा आणि सोल्यूशनचा वास यायचा. बाबा गवंडी. जिथे बांधकाम निघेल तिथे जायचे, कधी सिद्धेश्वरकडे कॅनॉलच्या कामावर, कधी पार नांदेडला, आणि घरी यायचे ते पाहुण्यासारखे. त्यांची एक सवय मला लहानपणापासून पाठ होती. पायरी असो की कट्टा, ते आधी नुसत्या विटा मांडायचे, ना चुना ना सिमेंट. मग स्वतः त्यावर चढायचे, उतरायचे, मला चढायला लावायचे, आईला कडेवर घागर घेऊन चढायला लावायचे. मग म्हणायचे, "आधी कोरडं मांड, मंग ओलं कर. ओलं केल्यावर पश्चात्ताप करायला पहार लागती." मी त्यांच्याबरोबर अशा कितीतरी कोरड्या पायऱ्या चढलेय.

घरात राज्य आईचं होतं आणि त्या राज्याची राजधानी म्हणजे तिची चूल. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, डावीकडे भिंत, भिंतीला लागून वैल, म्हणजे वरणाचं भांडं ठेवायची धाकटी जागा, मधे चुलीचं मोठं तोंड, आणि उजव्या हाताला भाकरी थापायची काठवट. सकाळी मला जाग यायची ती तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. आधी फुंकणीची लांब फुंकर, मग तुराट्या तडतडल्याचा आवाज, मग थप थप थप, आणि मधेच बांगड्या मागे सारल्याचा किणकिणाट. तव्यावरची भाकरी उलटली की ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करायची, आणि ती तिथे टम्म फुगायची. त्या भाकरीचा पापुद्रा काढून आत शेंगदाण्याची चटणी आणि तेल घालून ती मला द्यायची. बरोबर कण्या घातलेली अंबाडीची भाजी असली तर त्या दिवशी आमच्या घरात कुणी कुणाशी भांडत नसे. आई पहाटे सारवलेल्या चुलीला हात लावल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायची नाही. विहारात बसून ती पंचशील म्हणायची, नवससायास सगळे सोडले होते म्हणायची, पण चुलीला पाय लागला की तिचा जीव खालीवर व्हायचा. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो आणि ती आम्हाला फुंकणी दाखवायची.

या घरात त्या वर्षी वहिनी आली. शोभा तिचं नाव, माहेर कनेरगाव नाक्याचं. तिच्या वडलांची नाक्यावर चहाची टपरी होती. अंगाने लहानखुरी, बोलायला मोकळी, आणि हसली की डोळे मिटून जाणारी. पण आमच्या स्वयंपाकघरात शिरली की ही बाई वेगळीच व्हायची. काठवटीतली भाकरी उचलून तव्यावर टाकताना हमखास मोडायची. नाहीतर एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला फाटलेली व्हायची. धुराने तिचे डोळे असे लाल व्हायचे की दादा एकदा म्हणाला, "रडलीस का काय?" आणि ती म्हणाली, "न्हाई, धूर." खरं म्हणजे दोन्ही होतं. तिच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचे चट्टे होते. मी विचारलं तर म्हणाली, तापलेल्या बांगड्या लागतात. मला ते खरं वाटलं.

आई वाईट नव्हती. पण भाकरीच्या बाबतीत तिला दयामाया ठाऊक नव्हती. मोडकी भाकरी ती दादाच्या ताटात कधी जाऊ द्यायची नाही, स्वतः खायची, आणि खाताना एक शब्दही बोलायची नाही. ते न बोलणंच वहिनीला जास्त लागायचं. शेवटी एके दिवशी दादा जेवायला बसला असताना आई सरळ म्हणाली, "तिच्या मायबापाला निरोप धाड. म्हणावं, घेऊन जा आन भाकर शिकवून धाडा. आमी लेकीवानी सांभाळू, पर उपाशी कुठवर ऱ्हावं?" दादा ताटाकडे बघत राहिला. वहिनी दाराआड होती. मी तिला बघितलं, ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि हातातलं उलथनं घट्ट धरून होती.

भाकरी येत नाही म्हणून लग्न झालेली पोरगी माहेरी धाडणं म्हणजे काय, हे आज कुणाला समजावून सांगावं लागेल. तेव्हा ते न सांगता समजायचं. आमच्याच गल्लीत एक जण अशी "शिकायला" गेली होती, तिला आणायला पुढे कुणी गेलंच नाही. दादा भला माणूस, पण आईपुढे त्याचं तोंड उघडायचं ते फक्त घास घ्यायला. "आई म्हणती तेच बराबर आसंल," एवढं तो म्हणाला आणि हात धुऊन फाट्याकडे गेला. निरोप बाबा घरी आल्यावर धाडायचा ठरलं, कारण असले निरोप घरच्या कर्त्या माणसाच्या तोंडून जावे लागतात. म्हणजे बाबा येईपर्यंतचा वेळ हातात होता. मला राग आला होता आणि हाताला काम नव्हतं, आणि ही दोन्ही एकत्र आली की मी काहीतरी करून बसते, अजूनही.

माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, धूर. धुराने डोळे चुरचुरतात, दिसत नाही, म्हणून भाकरी मोडते. धूर घालवला की भाकरी जमेल. बारावीत भौतिकशास्त्र होतं, तेव्हा मला सगळ्या जगाचं उत्तर ठाऊक होतं. मी आईला म्हटलं, "तुझ्या चुलीला मागून भोक पाडते, धुराडं बसवते." आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या पाठीला भोक पाडायला निघालेय. "चुलीला हात लावशील तर हात मोडून ठिवीन," ती म्हणाली. त्यात गावाचा अनुभवही तिच्या बाजूने होता. मागे एकदा सिमेंटच्या बिनधुराच्या चुली वाटायला आल्या होत्या. त्यांचं तोंड इतकं बारीक की तुराट्या तोडून तोडून घालाव्या लागत, आणि भाकरी निखाऱ्यासमोर उभी करायला पुढे जागाच नाही. ज्याने त्या केल्या त्याने कधी भाकरी शेकलेली नसणार. आमच्या वाट्याच्या चुलीत कोंबडी अंडी घालायची, आणि आई येणाऱ्या जाणाऱ्याला ती दाखवायची, "ही बगा शिकलेल्यांची चूल, बिनधुराची हाय, पिल्लं निघत्यात."

तर मी परसात गेले. न्हाणीच्या पलीकडे, बाभळीखाली बाबांच्या उरलेल्या विटा होत्या. आधी कोरडं मांडलं. तीन बाजूंना विटा, मागे फट, फटीवर बूड गेलेली गाडगी एकावर एक. मग पांढरी माती, शेण आणि भुसा कालवून लिंपलं. वहिनी धुणं वाळत घालता घालता थांबली. "बाई, ही कुनाची चूल?" मी म्हटलं, कुणाची नाही. "मंग काहून मांडली?" मी म्हटलं, उगीच. बघायला. तिने मान वाकडी करून त्या ओबडधोबड प्रकाराकडे बघितलं आणि डोळे मिटून हसली. "म्हंजी उगीची चूल," ती म्हणाली. तेच नाव पडलं.

पहिल्या उगीच्या चुलीचा धूर गाडग्यांमधून वर गेला, मी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात वरचं गाडगं खाली आलं. दुसरीचं धुराडं उंच केलं तर जाळ सगळा मागेच ओढला जाऊ लागला, तवा गार आणि गाडगी लाल. तिसरीला काळी माती वापरली, ती वाळताना अशी भेगाळली की हाताचा पंजा आत जावा. मी बाबांच्या जुन्या धोतराची पांढरी पट्टी काठीला बांधून चुलीपुढे धरायची आणि ती किती काळी होते ते बघायची. मग तीच पट्टी आईच्या चुलीपुढे धरायची आणि आई म्हणायची, "निशाण कुनाला दावतीस?" मला मात्र मजा येऊ लागली होती, आणि ती मजा कसली हे मला तेव्हा कळत नव्हतं. मोडताना वाईट वाटत नव्हतं, ती होती मजा. आईच्या चुलीचा टवका उडाला असता तर घरात सुतक पाळलं असतं. ही चूल मोडली तर नुसती माती भिजत घालायची आणि पुन्हा लागायचं. झोपताना एक चूल डोक्यात असायची, आणि सकाळी उठून ती मातीत करून बघितली की डोक्यातली खोटी ठरायची.

पुढे माझं आयुष्य भांड्यांच्या कारखान्यात नवे नमुने करण्यात गेलं. कुकरची दांडी, किटलीचा कान, असल्या गोष्टी मी पुठ्ठ्यात, लाकडात, पत्र्यात करून बघत आले. परवा वहिनीची नात तन्वी पुण्याहून आली. ती हेच शिकते. लॅपटॉपवर आखलेली वस्तू त्यांच्याकडे एक मशीन रात्रीतून प्लास्टिकमध्ये काढून देतं. "आजी, याला प्रोटोटाइप म्हणतात," तिने मला समजावलं, "लवकर चुकायचं असतं, म्हणजे पुढे मोठी चूक होत नाही." मी म्हटलं, असं होय. वहिनी शेजारी शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "उगीची चूल म्हण की सरळ." तन्वीने तो शब्द फोनमध्ये लिहून घेतला.

तर धुराचं जरा जमल्यासारखं झालं तेव्हाची गोष्ट. आई खुरपायला गेली होती. मी वहिनीला म्हटलं, "वैनी, आता तू भाकर टाकून बघ. भाकर नीट शेकली तरच खरं." त्या चुलीला मी वैल केलाच नव्हता. मला फक्त धूर बघायचा होता, वरणाशी मला घेणं नव्हतं. वहिनीने पाट घेतला, बसली, पीठ मळलं आणि काठवट ओढून डावीकडे घेतली. माझं लक्ष पट्टीकडे होतं. थपथप सुरू झाली आणि मी मान वर केली, कारण तो आवाज आमच्या घरातला नव्हता. आमच्या घरात वहिनीची थपथप नेहमी अडखळायची. ही सलग होती, आईसारखी, किंबहुना आईपेक्षा हलकी. ती डाव्या हाताने थापत होती. भाकरी गरगर फिरत मोठी झाली, डाव्या तळव्यावर आली, अलगद तव्यावर गेली, आणि कुठे म्हणून मोडली नाही.

"वैनी, तू डावरी हायस?"

तिने हात झटकन मांडीवर घेतला आणि पदराखाली झाकला. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती हलेना. मग हळूच म्हणाली, "आत्याबाईला सांगू नगा बाई. डाव्या हाताचं कुनी खातं का? लई तकलीफ करून उजवा वळवला, पर भाकरीला वळत न्हाई. मायेरी अंगनात तीन विटांची चूल होती. कुनीकडून बी बसता येत होतं. मी बसायची तोंड फिरवून, कुनाचं ध्यान नसायचं."

मग मला आमचं स्वयंपाकघर दिसलं, जणू पहिल्यांदाच. आई समोर असली की वहिनी उजव्या हाताने थापायची आणि भाकरी मोडायची. आई नसली की डाव्या हाताने करायची, पण डावीकडे वैल, वैलावर रटरटणारं वरण, त्याच्यावरून हात न्यायचा म्हणजे मनगट भाजायचं. आणि ते चुकवायला चुलीच्या तोंडावर वाकायचं म्हणजे सगळा धूर डोळ्यांत. बांगड्या काही तापत नव्हत्या. मी इतके दिवस धुराच्या मागे धावत होते आणि अडचण हाताची होती. आणि ती कळली ती माझ्या हुशारीने नाही. या चुलीवर चुकलं तरी कुणी ओरडणार नव्हतं, म्हणून तिचा हात आपोआप बाहेर आला.

त्या दुपारी आम्ही दोघींनी नवी चूल मांडली. या वेळी वैल उजवीकडे. तो मी लिंपला नाही, नुसत्या विटा ठेवल्या, कोरड्या. वैलावर गार पाण्याचं भांडं ठेवायचं आणि वहिनीने थापल्याचं, उचलल्याचं, टाकल्याचं सोंग करायचं. "लागतंय?" "जरा." वीट बोटभर सरकवायची. "आता?" "आता न्हाई, पर डाळ ढवळायला लांब झालं." पुन्हा सरकवायची. काठवट थोडी मागे, पाट थोडा तिरका. वहिनी आता मलाच हुकूम सोडू लागली होती. "हितं निखारा वढायला जागा पायजे बाई, भाकर कुठं हुबी करू, तुमच्या डोक्यावर?" मी चुलीचं तोंड रुंद केलं. हसून हसून आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चूल तर पेटवलेलीही नव्हती. त्यानंतर आई कामाला गेली की वहिनी परसात भाकऱ्या करायची, आणि आई यायच्या आत आम्ही त्या कोंबडीला, कुत्र्याला आणि मला घालून टाकायचो. आईला सांगायचं कसं, हे मात्र दोघींनाही सुचत नव्हतं.

ते सांगायचं काम गयाबाईने केलं, आणि भलतंच सांगितलं. गयाबाई आमच्या शेजारची. तिच्या खिडकीतून आमचं परस दिसायचं. तिने बघितलं की घरात एक चूल जळते आणि परसात दुसरी, आणि दुसरीवर सून एकटी रांधते. आता मराठी माणसाला दोन चुली दिसल्या तर तो काय समजेल? शोभाने वेगळी चूल मांडली. घर फुटलं. गयाबाईने ते आठवडी बाजारात कुणाला सांगितलं, त्याने एसटीत कुणाला सांगितलं, आणि बातमी कनेरगाव नाक्यावर चहाच्या टपरीपर्यंत पोचली तेव्हा तिला पाय फुटून पंखही आले होते. सासूने लेकीला बाहेर काढलं, परसात बाभळीखाली रांधून खाते, असं वहिनीच्या वडलांच्या कानावर गेलं.

ते भर दुपारी आले. बाबा अजून यायचे होते. अंगात धुवट सदरा, हातात रिकामी पिशवी, आणि ती पिशवी बघूनच वहिनीचा चेहरा उतरला. पाणीसुद्धा न घेता ते उभ्या उभ्या आईला म्हणाले, "इहीनबाई, लेकरू चुकलं आसंल तर मला बोला. चार शिव्या द्या. पर वरीस व्हायच्या आत चूल वेगळी काहून? मी तिला न्यायला आलो."

ज्या गोष्टीचा निरोप आईने राखून ठेवला होता तीच गोष्ट माणूस स्वतः चालत येऊन मागत होता, पण भलत्याच कारणाने, आणि त्या कारणात तिची अब्रू होती. "माझ्या घरात दोन चुली? कोन म्हनलं?" ती म्हणाली. इवायांनी, म्हणजे वहिनीच्या वडलांनी, परसाकडे बोट केलं. तिथे ती होती, धुराड्यासकट, सकाळच्या राखेसकट. आईने माझ्याकडे बघितलं. मग वहिनीकडे.

"ती उगीची चूल हाय," वहिनी म्हणाली.

"उगीची म्हंजी?"

"म्हंजी खरी न्हाई, आत्याबाई."

"खरी न्हाई तर राख काहून हाय तिच्यात?"

आईने पदर खोचला. घरात दुसरी चूल नाही हे दाखवायचा तिच्याकडे एकच मार्ग होता. "इवाई, बसा. तुमची लेक माझ्याच चुलीवर भाकर टाकंल आन तुमी जेवल्याबिगर जानार न्हाई," ती म्हणाली. वहिनी आत गेली. मी दारात. वैलावर वरण शिजत होतं. वहिनीने उजव्या हाताने पहिली भाकरी थापली, उचलली, आणि ती बापाच्या डोळ्यांदेखत दोन तुकडे होऊन तव्यावर पडली. दुसरी काठवटीतच फाटली. बाहेर इवायांनी नजर खाली घातली. आता ते तिला घेऊन जाणार आणि आई अडवणार नाही, कारण भाकरीने आईचीच बाजू खरी केली होती. ते मला दिसत होतं, आणि मला गप्प बसता आलं नाही.

"आई, ती डावरी हाय," मी म्हणाले. "डाव्या हातानं तिची भाकर मोडत न्हाई. तुझ्या चुलीला वैल तिकडं हाय म्हणून तिचा हात भाजतो. तिचं मनगट बघ."

मग बाहेरून इवाई म्हणाले, अगदी हळू, "ल्हानपनी तिच्या मायनं हात बांधून ठिवला व्हता तिचा. आमाला वाटलं, सुटली सवय."

आई वहिनीसमोर बसली आणि तिने तिचा डावा हात ओढून घेतला, मनगट उलटं केलं. चट्टे काही जुने, काही ओले. आईने त्यांवरचं पीठ पदराने पुसलं. "आदी सांगायचं व्हतं पोरी," ती म्हणाली. वहिनी म्हणाली, "सांगितलं आसतं तर तुमी तवाच धाडलं आसतं, आत्याबाई." ते खरं होतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा आईची दया आली.

मग ती उठली. काठवट उचलली, पिठाचं भांडं घेतलं, आणि परसात चालू लागली. आम्ही मागे. बाभळीखाली तिने स्वतः जाळ घातला, पाट ठेवला, आणि काठवट उजवीकडे ठेवली, जन्माच्या सवयीने. मग काठवट उचलून चुलीला वळसा घातला आणि ती डावीकडे ठेवली. "बस," ती म्हणाली.

वहिनी बसली. गयाबाई खिडकीत होती, शेजारपाजारच्या बाया कुडापाशी जमल्या होत्या, आणि वहिनी सगळ्यांसमोर डाव्या हाताने भाकरी थापत होती. निखाऱ्यासमोर उभी केलेली भाकरी टम्म फुगली. आईने ती इवायांच्या ताटात वाढली. पुढची तिने स्वतः घेतली, मोडली, आणि उभ्याने खाल्ली, सगळ्यांना दिसेल अशी. खाताना ती या वेळीही काही बोलली नाही. पण तिने दुसरी मागितली.

इवाई रिकामी पिशवी घेऊन संध्याकाळच्या एसटीने परत गेले. खरं तर रिकामी नाही, आईने तिच्यात शेंगा भरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आतून आवाज ऐकला आणि उठून बघितलं तर आई तिच्या चुलीसमोर बसली होती. चुलीवर पाणी शिंपडलेलं. ती तिच्याशी काहीतरी बोलत होती, निरोप देताना बोलतात तसं. मग तिने खुरपं घेतलं आणि वैल फोडला. मला बघून म्हणाली, "हुबी काय ऱ्हायलीस? तुझ्या त्या चुलीची मापं घेऊन ये." मी परसातल्या चुलीची मापं सुतळीने घेतली. आम्ही दोघींनी मिळून नवी चूल मांडली, वैल उजवीकडे, मागे भिंतीला भोक आणि गाडग्यांचं धुराडं. बाबा आले तेव्हा ते त्या चुलीकडे बघत राहिले. "कोरडं मांडलं व्हतं का आदी?" एवढंच त्यांनी विचारलं. ज्या निरोपासाठी त्यांची वाट बघत होतो, त्याचं नाव कुणी काढलं नाही.

माझा निकाल लागला, मी नांदेडला तंत्रनिकेतनात गेले आणि वसतिगृहाच्या पातळ पोळ्या खाऊ लागले. हिवाळ्यात सुटीला घरी आले तेव्हा वहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, आणि या वेळी तिला पोचवायला आई स्वतः कनेरगाव नाक्यापर्यंत गेली होती. सकाळी थपथप ऐकून मी उठले. आई चुलीपुढे होती. काठवट उजवीकडे, आणि तिच्या आणि तव्याच्या मधे वैल, वैलावर वरण. भाकरी टाकायला तिला त्या भांड्यावरून हात न्यावा लागत होता, आणि भाकरी तव्यावर पोचेपर्यंत जरा तिरकी होत होती. भाकरी वाढायला तिने हात पुढे केला तेव्हा मला दिसलं. तिच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला चट्टे होते, काही जुने, काही ओले.

मी भाकरी खाली ठेवली. "आई, अगं तासाभराचं काम हाय. मी वैल काढून पहिल्यासारखा पलीकडं घालते. वैनी आली की पुन्हा बदलू. मोडायचं आन मांडायचं, त्यात काय?"

आईने मनगट पदराने झाकलं आणि पुढचा गोळा हातात घेतला.

"हात लावू नगं संगे," ती म्हणाली. "ती उगीची चूल न्हाई."